गोळी चुकवू नका!

उच्च रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणूनच फसवतो. बरे वाटले की आपली माणसे गोळी सोडतात. मग एखाद्या दिवशी लकवा मारतो आणि कमावता माणूस अंथरुणाला खिळतो.

हे एकट्या डॉक्टरचे काम नाही. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे आरंभीच होते. तिथली रीत साधी : रुग्णाचे कार्ड, ठरलेली औषधे, जवळच्या आरोग्यकेंद्रात महिनाभराच्या गोळ्या आणि जो आला नाही त्याची विचारपूस.

उरलेले काम घराचे. आईच्या गोळ्या संपण्याची तारीख मुलांनी भिंतीवर लिहावी. ताटातले मीठ, लोणचे, पापड कमी करावे. तिशी ओलांडलेल्यांनी सरकारी आरोग्यकेंद्रात मोफत तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कुणीही थांबवू नये.