वनहक्काचा पुरावा आणि ग्रंथपाल

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात वनहक्काचा दावा कागदावर टिकतो किंवा पडतो. २००६ च्या कायद्याखालील २००८ च्या नियमांतला नियम १३ गॅझेटियर, जनगणना, नकाशे, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हे पुरावे मानतो, आणि एकाहून अधिक पुरावे पाहावेत असेही सांगतो. आदिवासी नसलेल्या वननिवासीला तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीची ७५ वर्षे सिद्ध करावी लागतात. बांधवहो, हे कागद शोधणार कोण? देवघेवीची वही सांभाळणारा ग्रंथपाल इथे पुरत नाही. १८८५ चे पुणे गॅझेटियर महाजालावर आहे म्हणतात; पण ते इंग्रजीत! त्यातला आपल्या गावाचा मजकूर काढून, मराठीत समजावून, नक्कल वनहक्क समितीच्या हाती देणे, जे मिळत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लिहून देणे, हे आज ग्रंथपालाचेच काम आहे. त्यासाठी त्याला पगारही तसा हवा.