इन्स्पिरेशन इन्फर्मेशन
अमेरिकन संगीतकार शुगी ओटिस (३० नोव्हेंबर १९५३– ) याची सोल व फंक या संगीतप्रकारांतील ध्वनिमुद्रिका. ‘एपिक’ या कंपनीने ती १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. त्या वेळी ती दुर्लक्षित राहिली. तथापि ध्वनिमुद्रणगृहात एकट्या कलावंताने घडविलेल्या संगीताचा आरंभीचा महत्त्वपूर्ण नमुना म्हणून तिला पुढे मान्यता मिळाली.

सोल हा गॉस्पेल व ऱ्हिदम अँड ब्लूज यांतून विकसित झालेला भावोत्कट गायनप्रकार होय. १९६० नंतर त्यातून फंक उदयास आला. बास गिटार व ड्रम यांच्या पुनरावृत्त लयबंधांना त्यात प्राधान्य असते. वादकांच्या मेळाने, परस्परांच्या लयीला प्रतिसाद देत हे संगीत साकारत असे. ओटिसने मात्र वेगळा मार्ग स्वीकारला.

वाद्यवृंदप्रमुख जॉनी ओटिस याचा हा पुत्र लॉस अँजेल्स येथे जन्मला आणि किशोरवयातच गिटारवादक म्हणून नावारूपास आला. प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेचे काम सु. तीन वर्षे चालले. तीतील रचना व वाद्यसंयोजन त्याचेच असून, तंतुवाद्यवृंद व सुषिर वाद्ये वगळता बहुतेक वाद्येही त्यानेच वाजविली. एकेक वाद्य स्वतंत्रपणे मुद्रित करून त्याने ध्वनींचे थर रचले. काही रचनांत तालयंत्राचा ठेका आहे. हे यंत्र स्लाय स्टोन याने १९७१ मध्येच फंकमध्ये वापरले होते. ओटिसने त्याच्या अविचल ठेक्याभोवती ऑर्गन, गिटार व तंतुवाद्ये यांचे सौम्य स्वररंग गुंफले. तबकडीच्या पहिल्या बाजूस चार गीते आहेत, तर दुसऱ्या बाजूवरील ‘रेनी डे’, ‘प्लिंग !’ इ. बहुतेक रचना शब्दविरहित आहेत. त्यामुळे तबकडी उलटताच श्रोता गीतांकडून केवळ नादचित्रांकडे वळतो.

नृत्यानुकूल, जोमदार फंकच्या त्या काळात या अंतर्मुख संगीताची विक्री अल्प झाली. कंपनीशी असलेला करार संपुष्टात आला आणि वयाच्या विशीतच ओटिसची वाटचाल खुंटली. त्याचे १९७१ मधील ‘स्ट्रॉबेरी लेटर २३’ हे गीत मात्र ‘ब्रदर्स जॉन्सन’ यांच्या गायनातून १९७७ मध्ये अतिशय लोकप्रिय झाले.

डेव्हिड बर्न याच्या ‘लुआका बॉप’ या संस्थेने २००१ मध्ये, पूर्वीच्या चार रचनांची भर घालून, ही ध्वनिमुद्रिका पुनःप्रकाशित केली. २०१३ मध्ये ‘विंग्ज ऑफ लव्ह’ या अप्रकाशित संग्रहासह ती पुन्हा उपलब्ध झाली. तोपर्यंत तालयंत्राच्या साहाय्याने एकट्याने संगीत रचणे सर्वपरिचित झाले होते. १९७४ मध्ये जे विक्षिप्त वाटले, तेच या नव्या श्रोत्यांना स्वाभाविक वाटले.