उत्तरेच्या वाटेवर बातमी कशी पोहोचते?

१३ ऑगस्ट २०२३. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या हे रिव्हर या गावाच्या दिशेने वणवा झेपावला आणि गाव रिकामं करण्याचा आदेश निघाला. त्याच आगीत फायबरची केबल होरपळली. फोन गेले, इंटरनेट गेलं. तीन दिवसांनी राजधानी यलोनाइफच्या सुमारे २० हजार रहिवाशांनाही शहर सोडायला सांगण्यात आलं. दक्षिणेकडे अल्बर्टाला जाणारा रस्ता शेकडो किलोमीटरचा, आणि मोबाइलची रेंज मध्ये मध्ये गायब. भरीस भर म्हणजे नव्या कायद्याच्या वादातून फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांनी त्याच महिन्यात कॅनडात बातम्या दाखवणं थांबवलं होतं. पुढे धूर किती आहे, रस्ता चालू आहे का, पेट्रोल कुठे मिळेल, हे त्या वेळी जीवनमरणाचे प्रश्न होते.

युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुत हे उत्तरेचे तीन प्रदेश मिळून भारतापेक्षाही मोठे आहेत आणि लोकसंख्या आहे जेमतेम सव्वा लाखाच्या आसपास. नुनावुतमधल्या २५ गावांपैकी एकही रस्त्याने दुसऱ्याशी जोडलेलं नाही. इतक्या विरळ वस्तीसाठी कोणतीही कंपनी नफ्याच्या हिशेबाने मनोरे उभारणार नाही. म्हणून इथली बातमी पहिल्यापासून सार्वजनिक रेडिओच्या खांद्यावर आहे.

१९३३ साली ‘नॉर्दर्न मेसेंजर’ हा कार्यक्रम सुरू झाला. आर्क्टिकमधल्या पोलिसांना, व्यापाऱ्यांना, मिशनऱ्यांना घरच्यांनी लिहिलेले निरोप त्यात वाचून दाखवत. अनेक ठाण्यांवर टपाल घेऊन जहाज वर्षातून एकदाच येई. घरी बाळ जन्मलं, वडील आजारी आहेत, हे एरवी पुढच्या उन्हाळ्यात कळायचं, ते आता त्याच हिवाळ्यात कानावर पडू लागलं. १९५८मध्ये सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने उत्तरेसाठी स्वतंत्र सेवा काढली. नोव्हेंबर १९७२मध्ये अनिक ए-१ हा उपग्रह अवकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी दक्षिणेतले कार्यक्रम थेट उत्तरेत पोहोचू लागले.

मग आज त्या भागात गाडीने जाणाऱ्याला बातम्या सहज का मिळत नाहीत? याचं उत्तर लहरींच्या स्वभावात आहे. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. गावातला लहान मनोरा फार तर काही दहा-वीस किलोमीटर पुरतो. टेकडी आड आली की आवाज तुटतो. डॉसन सिटीजवळून इनुविकला जाणारा डेम्पस्टर महामार्ग सुमारे ७४० किलोमीटरचा, खडीचा. मध्यावर ईगल प्लेन्स हा एक थांबा. अशा रस्त्यावर एफएम म्हणजे गावापुरती सोबत.

मीडियम वेव्हचं तसं नाही. तिची लहर जमिनीला धरून पुढे सरकते, डोंगराला वळसा घालते. पण उत्तरेतला खडक आणि वर्षभर गोठलेली माती विजेची चांगली वाहक नाही, त्यामुळे ती लवकर क्षीण होते. रात्री आकाशातल्या आयनांबर या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन मीडियम वेव्ह फार लांब जाते, म्हणून हिवाळ्याच्या लांबलचक रात्रीत दक्षिणेकडची दूरची स्टेशनंही लागू शकतात. उन्हाळ्यात, म्हणजे नेमके पर्यटक येतात तेव्हा, आर्क्टिक वर्तुळापलीकडे सूर्य मावळतच नाही आणि ही वाट बंद होते. शिवाय जो हिरवा ध्रुवीय प्रकाश पाहायला लोक यलोनाइफ गाठतात, तो घडवणारे विद्युतभारित कण वातावरणात खोल शिरले की रेडिओलहरी शोषल्या जातात. आकाश उजळतं आणि शॉर्टवेव्हवर नुसती खरखर उरते. उपग्रह रेडिओही भरवशाचा नाही: विषुववृत्तावरचा उपग्रह इनुविकहून क्षितिजाला टेकल्यासारखा दिसतो, दरीत शिरलं की तोही दिसेनासा होतो.

तरीही शॉर्टवेव्हचं मोल होतं. न्यू ब्रन्सविकमधल्या सॅकव्हिलच्या प्रक्षेपकावरून ९६२५ किलोहर्ट्झवर उत्तर क्वेबेकसाठी इनुक्टिटूट आणि क्री भाषांतले कार्यक्रम लागत. २०१२मध्ये सरकारी अनुदानाला कात्री लागली आणि ते केंद्र बंद झालं. बदल्यात काही गावांत एफएम आलं. गावात आवाज स्वच्छ झाला, पण गावापासून दूर, शिकारीच्या तळावर किंवा किनाऱ्यावरच्या तंबूत असलेल्या माणसापर्यंत तो पोहोचत नाही. ज्याला वादळाची सूचना सर्वांत आधी हवी, त्याचाच रेडिओ मुका झाला.

आता उपग्रहावरून इंटरनेट येतं, मग रेडिओ कशाला, असं विचारलं जातं. इंटरनेटने लंडन-दिल्लीच्या बातम्या मिळतील. पण डेम्पस्टर महामार्गावरची पील नदीची फेरीबोट आज पुराच्या पाण्यामुळे बंद आहे, हे कोणीतरी तिथे राहून, विचारून, खात्री करून सांगावं लागतं. नेली कुर्नोया यांनी इनुविकच्या सीबीसी केंद्रात निवेदिका आणि केंद्रप्रमुख म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. पुढे १९९१मध्ये त्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या मुख्यमंत्रिपदी पोहोचल्या. श्रोत्यांच्या भाषेत बोलणारा, त्यांच्यातलाच माणूस माइकसमोर असला की लोक त्या केंद्राला आपलं मानतात, आणि संकटात त्याच आवाजावर विश्वास ठेवून घर सोडतात.

या भागात जायचं असेल, तर मीडियम वेव्ह, शॉर्टवेव्ह आणि एफएम तिन्ही असलेला सेलवरचा छोटा रेडिओ बरोबर घ्यावा. कडाक्याच्या थंडीत साधे सेल लवकर मान टाकतात, म्हणून लिथियमचे घ्यावेत. वाटेतल्या गावांच्या फ्रिक्वेन्सी आणि बातम्यांच्या वेळा निघण्याआधी कागदावर उतरवाव्यात. मीडियम वेव्ह ऐकताना गाडी थांबवून इंजिन बंद करावं आणि संच हळूहळू फिरवून पाहावा. आतल्या अँटेनाला दिशा असते, पाव वळणानेही आवाज उमटतो. काही विजेवरच्या गाड्यांत मीडियम वेव्ह मिळतच नाही, तेव्हा वेगळा संच हवाच.

एवढी तयारी प्रवाशाने करावी. प्रक्षेपक चालू ठेवणं आणि त्यामागे बातमीदार नेमणं हे मात्र सरकारचं काम आहे. केबल जळते, उपग्रह झाकला जातो, एफएम टेकडीआड विरतं. यातला प्रत्येक मार्ग कधी ना कधी दगा देणार, म्हणून एकाहून अधिक मार्ग जिवंत राहिले पाहिजेत. उत्तरेत रस्त्यावरचा बर्फ काढायला दर वर्षी पैसा ठेवतात, त्या रस्त्यावरून मोजक्याच गाड्या जात असल्या तरी. रेडिओ केंद्राचा खर्चही त्याच खात्यात धरला पाहिजे. पुढचा रस्ता सुरक्षित आहे की नाही, हे कळणं हा रस्त्याचाच भाग आहे.