अपंगत्वाचा टक्का कोण लिहितो, ते पाहा

धुळ्यात मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. सुरत–नागपूर रस्ता पुढे जळगावला जातो. आपल्या वस्त्यांतली माणसे रोज याच रस्त्यांवरून कामाला जातात. अपघात झाला की सगळे घर दवाखान्याच्या बिलामागे धावते. हाड जुळते, टाके निघतात, पेशंटला घरी सोडतात. मग नुकसानभरपाईच्या दाव्याची वेळ येते आणि एका आकड्याला फार मोठे महत्त्व येते. तो आकडा म्हणजे कायमच्या अपंगत्वाचा टक्का.

हा टक्का किती मोलाचा असतो, ते हिशेबाने पाहू. समजा, डाळ मिलमधल्या ३५ वर्षांच्या हमालाला ट्रकने उडवले. त्याची कमाई महिन्याला १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४,०००. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ३१ ते ३५ या वयासाठी १६ ने गुणते. हे गुणक सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घालून दिले आहेत. गुणाकार होतो २३,०४,००० रुपये. कमाईची ताकद २० टक्के गेली असे धरले, तर त्यातले ४,६०,८०० मिळतात. ६० टक्के धरली, तर १३,८२,४००. उपचाराचा खर्च आणि इतर रकमा वेगळ्या. पाय तोच, माणूस तोच, फरक मात्र नऊ लाखांहून अधिक.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. टक्के तीन प्रकारचे असतात. एक, त्या अवयवाचे अपंगत्व. दुसरे, सगळ्या शरीराच्या मानाने अपंगत्व. तिसरे, कमाईच्या ताकदीचे नुकसान. डॉक्टरांनी ‘डावा पाय ४० टक्के’ लिहिले, म्हणजे शरीर ४० टक्के गेले असे होत नाही. पण उलटही खरे आहे. ज्या हमालाला पोते उचलताच येत नाही, त्याची त्या कामातली कमाई ४० टक्क्यांनी नव्हे, जवळजवळ पूर्ण थांबते.

ऑक्टोबर २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. डावा हात गेला तर ड्रायव्हरचे किंवा सुताराचे काम संपते. तोच हात गेलेला सरकारी कारकून नोकरीत राहू शकतो. म्हणून डॉक्टरांनी अवयवाची अवस्था सांगायची आणि कमाई किती बुडाली ते माणसाचा धंदा पाहून न्यायाधिकरणाने ठरवायचे. त्याआधी १९७५ साली एका सुताराच्या दाव्यातही असेच झाले होते. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याचे नुकसान १०० टक्के मानले.

मग हा टक्का लिहिण्याचा अधिकार कुणाचा? वस्तीत हाड बसवणाऱ्याची चिठ्ठी दाव्यात चालत नाही. डॉक्टर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेले हवेत आणि कागदावर त्यांचा नोंदणी क्रमांक हवा. हाडाच्या दुखापतीला हाडांचे डॉक्टर, डोळ्याला डोळ्यांचे डॉक्टर असले तर त्यांच्या शब्दाला वजन येते. सगळ्यात चांगले म्हणजे ज्यांनी उपचार केले तेच डॉक्टर, नाहीतर सरकारी वैद्यकीय मंडळ. असे मंडळ धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे.

पेशंटवर उपचार न करता, नीट न तपासता तयार दाखले देणाऱ्या डॉक्टरांबद्दल त्याच २०१० च्या निकालात सावधगिरीचा इशारा आहे. कुणी दवाखान्याच्या दारात येऊन ‘पैसे द्या, मोठा टक्का आणून देतो’ म्हणाला, तर त्याला वाटेला लावा. असा दाखला उलटतपासणीत टिकला नाही की खऱ्या दुखापतीवरही संशय येतो.

नुसता दाखला दाखल करून भागत नाही. डॉक्टरांनी साक्षही द्यावी लागते. डॉक्टरांना कोर्टात ताटकळत बसावे लागू नये म्हणून त्यांची वेळ ठरवून द्यावी, किंवा आयुक्त नेमून साक्ष घ्यावी, असे न्यायालयाने सुचवले आहे. आपल्या वकिलांना तशी विनंती करायला सांगा.

बसच्या सवलतीसाठी किंवा पेन्शनसाठी मिळणारे अपंगत्वाचे सरकारी कार्ड जरूर काढा. पण त्यावरचा टक्का म्हणजे कमाईच्या नुकसानीचा टक्का नव्हे.

काम करताना अपघात झाला असेल, तर आधी पगारातून ईएसआय कापला जातो का ते पाहा. कापला जात असेल, तर टक्का ईएसआयचे वैद्यकीय मंडळ ठरवते. निर्णय पटला नाही तर वरती अपील करता येते. ईएसआय नसेल, तर भरपाई मालकाकडून मागायची. मालकाने स्वखर्चाने आपल्या डॉक्टरांकडे तपासणीला बोलावले तर नकार देऊ नका, नाहीतर हक्क अडकतो. जाताना आपले एक्स-रे आणि कागदांच्या झेरॉक्स न्या, मूळ कागद घरी ठेवा.

दाखला हातात घेतल्यावर एवढे तपासा: डॉक्टरांनी स्वतः तपासल्याची तारीख आहे का? टक्का अवयवाचा की शरीराचा, ते लिहिले आहे का? हालचाल किती कमी झाली आणि माणूस काय करू शकत नाही (उकिडवे बसणे, ओझे उचलणे, जिना चढणे), ते साध्या शब्दांत आहे का? पेशंटचा धंदा डॉक्टरांना आपणच सांगायचा. केसपेपरवर पहिल्या दिवसापासून ‘हमाल’, ‘गवंडी’, ‘धुणीभांडी’ असे लिहून घ्या. मी वॉर्डात असताना तो रकाना कितीदा तरी कोरा राहिलेला पाहिला आहे.

मोटार अपघाताच्या दाव्यासाठी कायद्यात एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. प्लास्टर निघण्याची वाट न पाहता घरातल्या कुणीतरी कागदांची फाईल घेऊन तिथे जावे.