जिभेखालची लस : रोगाला काट्यावरच अडवायची युक्ती



लस म्हटली की दंडावरची सुई आठवते. सुईने येणारी ताकद मुख्यतः रक्तात राहते. रोगजंतू मात्र नाक, तोंड, आतडे, मूत्रमार्ग अशा ओल्या वाटांनी शिरतात. या वाटांच्या नाजूक अस्तराला श्लेष्मल त्वचा म्हणतात. खराब मोळी गव्हाणीत पडल्यावर काढत बसण्यापेक्षा काट्यावरच अडवलेली बरी. रोगाचेही तसेच आहे.

बाळाला पोलिओचे दोन थेंब पाजतात ते याचसाठी. त्या लसीतले विषाणू पोटातल्या आम्लाला दाद देत नाहीत, आतड्यात पोचून तिथेच पहारा बसवतात. पण बऱ्याच लशी गिळल्या तर आम्लात नासून जातात. म्हणून शास्त्रज्ञांनी जिभेखालची जागा हेरली. तिथले अस्तर पातळ असते. तिथल्या पेशी लसीचा अंश उचलून मानेतल्या लसिकाग्रंथींकडे नेतात. तिथे तयार झालेल्या पेशी दूरदूरच्या अस्तरांत जातात आणि 'आयजीए' नावाची प्रतिद्रव्ये स्रवू लागतात.

हे नुसते पुस्तकी नाही. लघवीला जळजळ होणे, म्हणजे उन्हाळी लागणे, याचे वारंवार कारण मूत्रमार्गातले जंतू असतात. चार जातींच्या मारलेल्या जंतूंची 'एमव्ही-१४०' ही लस जिभेखाली रोज फवारतात. स्पेन आणि ब्रिटनमध्ये २४० स्त्रियांवर तिची चाचणी झाली, निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. नुसता फवारा, म्हणजे लस नसलेला, घेणाऱ्यांत शंभरी २५ जणींना नंतरच्या नऊ महिन्यांत त्रास झाला नाही. तीन महिने लस घेणाऱ्यांत हे प्रमाण ५५ च्या वर गेले.

हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. फडात आडोसा नाही म्हणून बायाबापड्या दिवसभर पाणी कमी पितात, लघवी तुंबवतात, मग उन्हाळी लागते. दुकानातून दोन गोळ्या आणायच्या, बरे वाटले की सोडायच्या. अशाने जंतू औषधाला निर्ढावतात. लशीने दुखणेच टळले तर गोळ्याही वाचतील.

आपल्या आरोग्य केंद्रात ही लस अजून मिळत नाही. तोवर लघवी तपासून घ्यावी, डॉक्टरांनी दिलेला डोस पुरा करावा. टोळीतल्या बायांसाठी फडाजवळ आडोसा आणि प्यायच्या पाण्याची सोय मालकाने करावी. आणि जिभेखालची लस येणार म्हणून पोरांची सुई मात्र कुणी चुकवू नये.