मोठी मत्स्यटाकी, कमी खर्च आणि ठिबकच्या नळ्या

गाळणाची दोन कामे

मत्स्यटाकीतील गाळणाचे यांत्रिक आणि जैविक असे दोन भाग असतात. यांत्रिक गाळणात विष्ठा, उरलेले खाद्य आणि इतर गाळ स्पंजमध्ये अडतो. जैविक गाळणात जिवाणू माशांनी उत्सर्जित केलेल्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिली दोन द्रव्ये अल्प प्रमाणातही घातक असतात, तिसरे बरेच सौम्य असते. खान्देशातल्या सावदा परिसरातील केळीच्या बागांमध्ये ठिबक संचाला जोडलेला सँड फिल्टर फक्त यांत्रिक काम करतो, कारण तेथे ड्रिपर बुजू नयेत एवढाच हेतू असतो. टाकीत तेवढे पुरत नाही. पाणी नितळ दिसत असतानाही अमोनियामुळे मासे मरू शकतात.

उन्हाळ्याचा परिणाम

खान्देशात उन्हाळी तापमान ४५ अंशांपर्यंत जाते, तेव्हा घरातील टाकीचे पाणीही तापते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. अमोनियाचे रूपांतर करणाऱ्या जिवाणूंनाही माशांप्रमाणेच प्राणवायूची गरज असते. शिवाय सामू ८ असलेल्या पाण्यात एकूण अमोनियापैकी विषारी अंश २५ अंशांना सुमारे ५ टक्के असतो, तर ३२ अंशांना ८ टक्क्यांवर जातो. म्हणजे विषाचा जोर वाढतो त्याच वेळी ते निकामी करणारी यंत्रणा प्राणवायूच्या टंचाईत सापडते.

वीज गेल्यावर हा प्रश्न आणखी तीव्र होतो. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये थांबलेल्या पाण्यातील प्राणवायू काही तासांत संपतो आणि जिवाणू मरू लागतात. त्यामुळे हे महाग उपकरण या हवामानात पहिली निवड ठरू नये.

बादलीचा ठिबकता फिल्टर

येथे उघडी रचना अधिक योग्य. टाकीच्या वर भक्कम आधारावर बुडाला छिद्रे पाडलेली बादली ठेवली जाते. छोटा पंप टाकीतील पाणी वर चढवतो, ते स्पंजमधून उतरून खालच्या माध्यमावर, म्हणजे जिवाणू वाढण्यासाठी भरलेल्या तुकड्यांवर, पसरते आणि टाकीत परत गळते. माध्यम ओले असते पण बुडालेले नसते, म्हणून हवेतील प्राणवायू थेट मिळतो. वीज गेली तरी ओलसर माध्यमातील जिवाणू बराच काळ तग धरतात. टाकीला भोक पाडावे लागत नाही. स्पंज तुंबल्यास पाणी जमिनीवर सांडू नये म्हणून बादलीच्या काठाखाली टाकीत उतरणारी एक जादा नळी मात्र अत्यावश्यक आहे.

माध्यम

जिवाणू पृष्ठभागाला चिकटून वाढतात, त्यामुळे माध्यमाच्या किमतीपेक्षा त्याचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. १६ मिलिमीटरच्या ठिबक नळीचे दोन सेंटिमीटरचे तुकडे आतून-बाहेरून पृष्ठभाग देतात, कुजत नाहीत आणि वजनाला हलके असतात. ठिबकच्या दुकानात नव्या नळीचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळू शकतात. शेतातून काढलेली जुनी नळी टाळावी, कारण तिच्यातून विद्राव्य खते आणि सफाईचे आम्ल वाहिलेले असते. कीटकनाशकाची बादली तर कितीही धुतली तरी वर्ज्य. पॉलिथिलीन पाण्यावर तरंगते, म्हणून हेच तुकडे बुडीत फिल्टरमध्ये वापरल्यास वर जाळी दाबावी लागते.

पंप आणि वीज

४ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते. तासाला चार वेळा पाणी फिरवायचे तर सुमारे हजार लिटरचा प्रवाह लागतो. पंपावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी जितके वर चढवावे तितका प्रवाह घटतो, म्हणून बादली शक्य तेवढी खाली ठेवणे हीच मोठी बचत. २० वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तर सुमारे १४ युनिट वीज लागते, ६० वॅटचा चालला तर ४३. खरेदीत वाचवलेले पैसे वीजबिलात जाऊ नयेत, यासाठी वॅट पाहूनच पंप निवडावा.

परिपक्वता आणि देखभाल

नव्या फिल्टरमध्ये पुरेसे जिवाणू वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. चालू टाकीचा जुना स्पंज काही दिवस सोबत ठेवल्यास हा काळ घटतो. स्पंज नळाखाली धुतल्यास क्लोरीनने जिवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

मर्यादा

हा फिल्टर नायट्रेट काढत नाही. त्यासाठी आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे लागते. भरपूर खते दिल्या जाणाऱ्या बागायती पट्ट्यात विहिरीच्या पाण्यातच नायट्रेट असू शकते, म्हणून भरायचे पाणीही तपासलेले बरे. मनीप्लँटची मुळे पाण्यात सोडल्यास काही नायट्रेट शोषले जाते. ठिबकत्या पाण्याचे बाष्पीभवन जास्त होते. त्यामुळे टाकी थोडी थंड राहते, पण क्षार मागे उरतात. केवळ घट भरून काढत राहिल्यास पाण्याची कठीणता वाढत जाते. बदललेले पाणी कुंड्यांना घालता येते, त्यातील नायट्रेट झाडांना खतच ठरते.