पाळणाघराचं दार किती वाजता बंद होतं?

संध्याकाळचे सात ते आठ. डोंबिवली, ठाणे, बोरिवली किंवा पुण्यातलं हडपसर, घरगुती पाळणाघर कुठलंही असो, दिवसातला सगळ्यात ताणाचा तास हाच. एकेक मूल घरी जात असतं, उरलेली दाराकडे बघत असतात आणि फोनवर कुणीतरी म्हणत असतं, “काकू, दहा मिनिटांत पोचतेच.” ही दहा मिनिटं कधी ठाणे स्टेशनवरून बोललेली असतात, कधी चक्क ऑफिसच्या लिफ्टमधून. उशिरा नेणं आणि लवकर बंद करणं या दोन गोष्टींवरून जेवढे रुसवेफुगवे होतात, तेवढे खाण्यापिण्यावरून किंवा हरवलेल्या मोज्यांवरूनही होत नाहीत. यात दोन्ही बाजूंनी काही समज पक्के धरून ठेवलेले असतात आणि त्यातले बरेचसे चुकीचे आहेत.

गैरसमज: काकू घरीच तर असतात, अर्ध्या तासाने काय बिघडतं?

जागा तीच असली तरी सातनंतर घराचं काम बदलतं. दिवसभर मुलांचा असलेला हॉल आता काकूंच्या मुलीच्या अभ्यासाचा, सासऱ्यांच्या बातम्यांचा आणि रात्रीच्या जेवणाचा होतो. मदतीला येणारी बाई ठरल्या वेळी निघते, कारण तिचंही मूल कुणाच्या तरी भरवशावर असतं. मग उरतं एक मोठं माणूस आणि एक रांगतं मूल. रांगतं मूल ओट्याशी लुडबुडत असताना फोडणी टाकता येत नाही, कुकरसुद्धा बेताबेतानेच लावावा लागतो. मूल पाऊण तास उशिरा गेलं की त्या घरातलं जेवण, झोप आणि दुसऱ्या दिवशीचं पहाटे उठणं, सगळंच पुढे सरकतं. पालकांना हे दिसत नाही, कारण ते दारातूनच परत जातात.

याच समजाचा दुसरा भाग मुलाबद्दलचा असतो: एवढ्याशा जिवाला कुठे घड्याळ कळतंय? घड्याळ कळत नाही हे खरं, पण क्रम चांगलाच कळतो. खाऊ झाला, बागेत जाऊन आलो, देवापाशी दिवा लागला, शेजारच्या मुलीचे बाबा आले, आता माझी आई. त्या जागी आई आली नाही की मूल बिथरतं. साधारण आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत आईपासून दुरावण्याची भीती जास्त असते, त्यामुळे या वयात रडणं लवकर आवरत नाही. अशा वेळी “आत्ता येईल हं” असं दर पाच मिनिटांनी म्हटल्याने विश्वासच उडतो. “आपण वरणभात खाऊ, मग गोष्ट वाचू, मग आई येईल” असा क्रमच पुढे वाढवून सांगितला तर मुलं बरीच शांत राहतात. त्यासाठी आई खरंच कुठे आहे हे मात्र काकूंना कळायला हवं. म्हणून पालकांना “किती मिनिटं?” असं विचारूच नये, “कुठे पोचलात?” असं विचारावं. “मुंब्रा सोडलं” हे उत्तर “दहा मिनिटांत”पेक्षा कितीतरी पटीने उपयोगी.

गैरसमज: दंड लावला की लोक वेळेवर येतात

हे इतकं सहज पटतं की तपासून पाहावं असं सहसा कुणाला वाटत नाही. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते इस्रायलमधल्या हैफा शहरात तपासून पाहिलं. तिथल्या 10 पाळणाघरांत त्यांनी 20 आठवडे उशिरा येणाऱ्या पालकांची नोंद ठेवली. पहिले 4 आठवडे काहीच बदललं नाही. पाचव्या आठवड्यापासून 6 पाळणाघरांत नियम लागू झाला: 10 मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर मुलामागे 10 शेकेल दंड. उरलेल्या 4 पाळणाघरांत सगळं पूर्ववत चाललं. जिथे दंड लावला तिथे उशिरा येणारे वाढले, हळूहळू जवळजवळ दुप्पट झाले. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला, तरी उशीर पहिल्या पातळीवर आला नाही. 2000 साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि अर्थशास्त्राच्या वर्गांत आजही त्यावर चर्चा होते.

असं का झालं असेल? दंड नव्हता तेव्हा उशीर झालेल्या आईला दारात उभं राहताना संकोच वाटे. समोरची बाई आपल्यासाठी थांबलीय ही बोच असे. दंड आल्यावर त्या थांबण्याला दर लागला आणि तोही परवडणारा, कारण महिन्याची फी 1400 शेकेलच्या घरात होती. पैसे भरले, विषय संपला. दंड काढल्यावर दर गेला, पण गेलेला संकोच काही परत आला नाही.

आता हैफा म्हणजे डोंबिवली नव्हे. ती पगारी शिक्षिका असलेली पाळणाघरं होती, कुणाचं राहतं घर नव्हतं, आणि तिथे जबर दंड लावून पाहिलेलाच नव्हता. त्यामुळे पैसे घेऊच नयेत असा अर्थ यातून काढणं घाईचं होईल. माझ्या मते सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे नावापुरता दंड. “उशीर झाल्यास 50 रुपये” अशी पाटी लावली की पालकांना वाटतं अर्धा तास विकत मिळतो आणि काकूंना वाटतं आपण स्वस्तात विकले गेलो. घ्यायचे तर त्या तासाचं खरं मोल घ्यावं: मदतनीस थांबली तर तिचे जादा पैसे, मुलाचं रात्रीचं जेवण आणि आपला वेळ. शिवाय त्याला शेवटची मर्यादा हवी. साडेआठनंतर ही सोय नाही म्हणजे नाही, कितीही पैसे दिले तरी. यातला काहीच खटाटोप नको असेल तर पैशाचं नावच काढू नये. तिसऱ्या उशिराला दारात घाईघाईने न बोलता शनिवारी दुपारी बसून बोलावं. ओव्हरहेड वायर तुटून गाड्या बंद पडल्या त्या दिवशी मात्र कुणी हिशोब करू नये, आणि तसं आधीच सांगून ठेवावं.

गैरसमज: लेखी करार नाही, मग जादा पैसे कसे मागणार?

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे आणि तोंडी करारही तो मानतो. अडचण येते ती सिद्ध करताना. प्रवेशाच्या वेळी पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि त्याखालचं “ओके काकू” एवढंही न ठरवण्यापेक्षा बरंच. या कायद्याचं कलम 74 सांगतं, की करार मोडल्याबद्दल आधी रक्कम ठरलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. म्हणजे अर्ध्या तासाला दोन हजार असं लिहून ठेवलं म्हणून ते वसूल होतीलच असं नाही. उलट, काही न ठरवता महिनाअखेरीला “उशिराचे सहाशे” म्हणून चिठ्ठी हातात देणं हा करार होत नाही. अशा रकमेसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? पण वाजवी काय आणि आधी ठरलेलं काय, हे दोन प्रश्न दारातल्या वादातही तेवढेच कामाचे असतात.

गैरसमज: शाळांना सुट्टी जाहीर झाली, म्हणजे पाळणाघरालाही सुट्टी

मुसळधार पावसाचा इशारा आला की महापालिका किंवा जिल्हाधिकारी जी सुट्टी जाहीर करतात ती शाळा-महाविद्यालयांची असते. घरगुती पाळणाघर त्यात आपोआप धरलं जात नाही. ऑफिसं तर पुष्कळदा चालूच असतात, म्हणजे पाळणाघराची खरी गरज त्याच दिवशी. त्यातून शाळा अर्ध्यावर सोडली की व्हॅनवाले काका दुपारी साडेबाराला यायची मुलं साडेदहालाच आणून पोचवतात. तान्ही मुलं, दुसरीतली मुलं आणि न वाळणारे कपडे, सगळं एकाच खोलीत.

अशा दिवशी लवकर बंद करणंच सुरक्षित, हाही एक समज. सकाळी सातला “आज बंद” असं सांगणं वेगळं आणि दुपारी तीनला “लगेच या” असं सांगणं वेगळं. तीनचा फोन आला की सगळे पालक नेमक्या वाईट वेळी रस्त्यावर आणि रुळांवर येतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद पडल्या, कित्येक भागांत वीज गेली, मोबाइल लागेनात. लोक रात्रभर चालत होते किंवा ऑफिसातच अडकले होते. त्या रात्री मूल जिथे होतं तिथेच, पाण्याच्या वरच्या मजल्यावर, राहणं हाच शहाणपणा होता. पाळणाघर तळमजल्यावर असेल, तर वर कुणाकडे जायचं हे जूनच्या आधीच विचारून ठेवावं. पालकांचे नंबर फोनमध्ये असून भागत नाही, भिंतीवर कागदावरही हवेत. शिवाय प्रत्येक मुलाचा एक कपड्यांचा जोड, चालू असलेलं औषध, आणि चालत येऊ शकेल असं जवळ राहणारं एक माणूस. शेवटचं बहुतेक पालक लिहूनच देत नाहीत. आजोबांचं नाव देतात, पण आजोबा असतात साताऱ्याला.

गैरसमज: आदल्या रात्री ग्रुपवर टाकलं, म्हणजे कळवलं

लवकर बंद करण्याची बरीचशी कारणं महिनोन्महिने आधी माहीत असतात. गौरीपूजन, घरातलं लग्न, मुलीची दहावीची परीक्षा. ती यादी जूनमध्येच हातात दिली तर पालकांना रजा टाकता येते. आयत्या वेळच्या कारणासाठी ग्रुपवरचा संदेश पुरत नाही. निळी खूण म्हणजे वाचल्याची खूण, सोय झाल्याची नव्हे. प्रत्येकाचं उत्तर येईपर्यंत काम अर्धंच झालेलं असतं आणि ज्याचं आलं नाही त्याला फोन करावाच लागतो. अर्ध्या दिवसाचे पैसे कापायचे की नाहीत, यात सगळीकडे चालेल असं एकच उत्तर नाही. महिन्याची फी ही मुलाची जागा राखून ठेवण्याची असते, असं बहुतेक काकूंचं म्हणणं आणि ते चुकीचं नाही; पण मग वर्षात किती दिवस बंद हेही त्याच वेळी सांगायला हवं.

काही वसाहतींत दोन-तीन पाळणाघरवाल्या एकमेकींची मुलं सांभाळतात. ही सोय छान आहे, मात्र मूल त्या घरी आधी खेळून आलेलं असावं आणि आईवडिलांनी ते घर पाहिलेलं असावं. तापाने फणफणलेल्या काकूंनी मुलाला अनोळखी दारात सोडणं ही कुणाचीच सोय नव्हे.

तापावरून आठवलं. सकाळी सिरप पाजून मूल पाठवायचं, हा प्रकार सगळ्या पाळणाघरांना ठाऊक आहे. पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास टिकतो, मग दुपारी ताप पुन्हा चढतो आणि त्या एका मुलापुरतं पाळणाघर दोन वाजता बंद होतं. औषध न देता 24 तास ताप नसेल तरच मूल पाठवायचं, हा नियम त्यासाठीच आहे.

गैरसमज: वेळ संपली, जबाबदारी संपली

“सात वाजले, वॉचमनकडे बसवते, तिथून न्या.” हे रागात बोलायला सोपं आहे. पण मूल योग्य हातात सोपवेपर्यंत ते काकूंच्याच ताब्यात असतं. बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याला लागू होतं. मुलाला टाकून देणं किंवा जाणूनबुजून त्याची हेळसांड करणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे. पाच मिनिटं वॉचमनकाकांच्या शेजारी बसलेलं मूल म्हणजे लगेच गुन्हा, असं कुणी म्हणणार नाही. तरी त्या पाच मिनिटांत काही झालं तर विचारणा काकूंनाच होईल. “मी तिचा मामा” म्हणून आलेल्या माणसालाही हाच नियम: यादीत नाव नसेल तर आईशी बोलल्याशिवाय मूल द्यायचं नाही, मूल मामा-मामा करत धावलं तरी. आणि कुणाचाच फोन लागत नाही, रात्र होत चाललीय, अशी वेळ आली तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, 112 आहे.

गैरसमज: रोज उशीर करणाऱ्यांना पर्वाच नसते

काहींना नसतेही. बाकीच्यांचं गणित पहिल्या दिवशीच चुकलेलं असतं. ऑफिस सुटतं साडेसहाला, ते अंधेरीला. तिथून घाटकोपर, मग गर्दीची लोकल, मग रिक्षाची रांग. ती आई पावणेआठच्या आत डोंबिवलीत दारात उभी राहूच शकत नाही. तरी जागा जाईल या भीतीने प्रवेशाच्या वेळी ती “सातपर्यंत येईन” म्हणते आणि काकूही मान डोलावतात. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी, अशी दुरुस्ती प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली झाली, पण सकाळच्या लोकलमधून वर्षाचं मूल अंधेरीपर्यंत नेणार कोण? म्हणून प्रवेशाच्या वेळीच कागद-पेन घेऊन ऑफिस ते दार हा हिशोब दोघींनी मिळून मांडावा. उत्तर पावणेआठ आलं तर वेळ आठची धरावी आणि फी त्याप्रमाणे. काकूंना आठपर्यंत जमणार नसेल तर तसं तेव्हाच सांगावं, आणि ज्यांना जमतं त्यांचा पत्ता द्यावा.